अंतराळाला शिवून येणं

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. जगातलं पहिलं खासगी अंतराळयान एका मुस्लीम बाईच्या पैशातून उडालं आणि तिचं आडनाव अन्सारी, असा त्याचा मजकूर. खाली माशाअल्लाह, टाळ्या, फुलं. भिवंडी-मालेगावकडच्या मंडळींना तो जरा जास्तच आवडतो, कारण तिथं यंत्रमागाच्या दर दुसऱ्या गल्लीत अन्सारी राहतात. मेसेज अगदीच खोटा नाही. पण त्यात जे खरं आहे ते अर्धंच आहे, आणि गाळलेला अर्धा भाग मुलांना सांगण्यासारखा आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी पैशाचं. यानाचं नाव स्पेसशिपवन. ते बांधलं बर्ट रुटान यांच्या स्केल्ड कंपोझिट्स या कंपनीनं, कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात. खर्च मायक्रोसॉफ्टच्या संस्थापकांपैकी एक, पॉल अॅलन यांनी उचलला, साधारण अडीच कोटी डॉलर. अन्सारी कुटुंबानं पुरस्कृत केलं ते बक्षीस. १९९६ मध्ये जाहीर झालेलं एक्स प्राइझ मे २००४ पासून अन्सारी एक्स प्राइझ झालं. रक्कम १ कोटी डॉलर. अट अशी की सरकारी मदत न घेता बांधलेलं, तीन माणसांचं वजन नेऊ शकणारं यान १०० किलोमीटर उंचीवर न्यायचं, सुखरूप आणायचं आणि दोन आठवड्यांच्या आत तेच यान पुन्हा उडवायचं. गंमत म्हणजे बक्षिसाची रक्कम तिजोरीत ठेवलेली नव्हती. तिचा विमा काढला होता. २००४ संपेपर्यंत कुणाला हे जमणार नाही, असं विमा कंपनीनं धरलं आणि त्या भरवशावर हप्ता घेतला. कंपनी हरली. ४ ऑक्टोबर २००४ रोजी, म्हणजे स्पुटनिकच्या ४७व्या वाढदिवशी, ब्रायन बिनी हे यान ११२ किलोमीटरवर घेऊन गेले आणि बक्षीस जिंकलं गेलं. मेसेज ऑक्टोबरमध्ये फिरतो तो म्हणून.

आता त्या शंभर किलोमीटरचं. शंभर किलोमीटर म्हणजे फार काही नाही, आडवं मोजलं तर. आपल्याकडची एसटी तेवढं अंतर अडीच-तीन तासांत काटते. उभं मोजलं की मात्र तिथं हवा जवळपास संपलेली असते. विमानाला पंखांवर तरंगण्याइतकी हवा जिथं उरत नाही, त्या सीमेला कारमान रेषा म्हणतात आणि ती ढोबळमानानं १०० किलोमीटरवर मानली जाते.

त्याच वर्षी २१ जूनला माइक मेलव्हिल यांनी ही रेषा पहिल्यांदा ओलांडली तेव्हा यानाची उंची भरली १००.१२४ किलोमीटर. म्हणजे सीमेच्या वर फक्त १२४ मीटर. ठरवलं होतं ११० च्या आसपास जायचं. पण इंजिन पेटताच वाऱ्यानं यान कलंडलं, ते सावरताना शेपटीची एक यंत्रणा अडकली, आणि हातात धरलेली सगळी शिल्लक त्यातच खर्च झाली. त्रेसष्ट वर्षांच्या मेलव्हिल यांनी तरीही वर पोहोचल्यावर खिशातल्या रंगीत चॉकलेटच्या गोळ्या मोकळ्या सोडल्या आणि त्या केबिनमध्ये तरंगताना पाहिल्या. शंभर किलोमीटरच्या प्रवासात सव्वाशे मीटरची शिल्लक, यावरून कळतं की हे यान आपल्या ताकदीच्या अगदी काठावर उडत होतं. त्यात तीन जागा होत्या, पण ते उडालं तेव्हा आत कायम एकच माणूस होता. बक्षिसाच्या दोन उड्डाणांतही बाकी दोघांच्या जागी वजन ठेवलं होतं. नियमात ते बसत होतं.

मी भाषा शिकवते, विज्ञान नाही. उर्दूत अंतराळाला ख़ला म्हणतात आणि मावशीला ख़ाला, त्यामुळे हा धडा आला की वर्गात हसू फुटतं आणि पाच मिनिटं वाया जातात. पण भाषेच्याच बाजूनं एक गोष्ट मला टोचते. ‘अंतराळात गेला’ या दोन शब्दांत आपण दोन पूर्णपणे वेगळी कामं कोंबतो. एक म्हणजे वर जाऊन सीमेला शिवून येणं. दुसरं म्हणजे तिथं राहणं, पृथ्वीभोवती फिरत राहणं. पहिल्याला उपकक्षीय उड्डाण म्हणतात, दुसऱ्याला कक्षा, उर्दूत मदार. ऐकायला वाटतं की पहिलं म्हणजे दुसऱ्याचाच अर्धा रस्ता. तसं अजिबात नाही.

हिशेब विजेच्या युनिटात करू, कारण यंत्रमागवाल्यांना तो पाठ असतो. एक किलो वजन शंभर किलोमीटर उचलायला जी ऊर्जा लागते ती पाव युनिटाहून थोडीशी जास्त. बस्स. पण तेच एक किलो तिथं टिकवायचं, खाली पडू द्यायचं नाही, तर त्याला सेकंदाला ७.८ किलोमीटर इतका आडवा वेग द्यावा लागतो. त्या वेगासाठी आणखी साधारण साडेआठ युनिट लागतात. दोन्ही मिळून बत्तीस पट. स्पेसशिपवन सर्वात वरच्या बिंदूवर पोहोचलं तेव्हा त्याचा वर जाण्याचा वेग शून्य झाला होता, वर फेकलेल्या चेंडूचा होतो तसा. मग चेंडूसारखंच ते खाली आलं. म्हणजे त्यानं बत्तीस हिश्शांतला एक हिस्सा काम केलं. हे त्याला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. तो एक हिस्साही तोवर कुठल्या खासगी कंपनीनं माणूस बसवून केला नव्हता. पण एक म्हणजे बत्तीस नव्हे.

इथंच ‘वर गेलं की गुरुत्वाकर्षण संपतं’ हा समज आडवा येतो. तो मुलांचाच आहे असं नाही, शिक्षकांचाही असतो. १०० किलोमीटरवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ९७ टक्के असते. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं, तिथंही ती ९० टक्क्यांच्या जवळपास आहे. चॉकलेटच्या गोळ्या तरंगल्या, कारण यान, मेलव्हिल आणि गोळ्या तिघंही एकत्र पडत होते. लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या माणसाला जे वाटेल तेच. स्पेसशिपवनमध्ये हे पडणं साडेतीन मिनिटांच्या आसपास टिकायचं. अंतराळ स्थानकात ते संपतच नाही, कारण आडव्या वेगामुळे ते पृथ्वीला चुकवत पडत राहतं. मुलांना फरक समजावायचा तर उंची सांगून उपयोग नाही. वेग सांगावा लागतो. आणि बातमीत वेग जवळजवळ कधीच छापलेला नसतो.

मग टाकी मोठी करून बत्तीस पट का गाठता आलं नाही? इंधनालाही वजन असतं, आणि वरचं इंधन उचलायला खालचं इंधन जाळावं लागतं. स्पेसशिपवनच्या इंजिनात घन रबर जळायचं आणि ते जाळायला नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दाताचे डॉक्टर भूल देताना वापरतात तो वायू. हे दोन पदार्थ वेगळे राहतात, झडप बंद केली की आग थांबते, म्हणून रुटान यांनी ते निवडलं. पण या इंजिनातून ज्वाळा बाहेर पडण्याचा वेग सेकंदाला अडीच किलोमीटरच्या आसपासच. रॉकेटचं गणित असं की यानाला तेवढाच वेग द्यायचा तर निघतानाचं वजन उरलेल्या वजनाच्या २.७ पट हवं. दुप्पट वेगाला २.७ गुणिले २.७, म्हणजे सात पटींहून जास्त. तिप्पट वेगाला वीस पट. हवेचा अडथळा आणि गुरुत्वाकर्षण यांचं नुकसान धरून कक्षेसाठी सेकंदाला सव्वानऊ-साडेनऊ किलोमीटरची तयारी लागते, तिथं हा आकडा चाळिशी ओलांडतो. चाळीस किलोंपैकी एक किलो उरणार, आणि त्या एका किलोत टाकी, पंख, चाकं, काचा, वैमानिक सगळं बसवायचं. पंख असलेलं, धावपट्टीवर उतरणारं, दुसऱ्या विमानाच्या पोटाखालून सोडलं जाणारं हे यान त्या गणितात कधीच बसणार नव्हतं. रुटान यांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी ते शंभर किलोमीटरसाठीच आखलं होतं.

खाली येण्याचा हिशेबही तोच. वर चढवलेली ऊर्जा परतताना उष्णता होऊन बाहेर पडते. पाव युनिटवाल्याला थोडी, पावणेनऊ युनिटवाल्याला भयंकर. स्पेसशिपवनच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २००३ रोजी, कोलंबिया यान परतताना तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी पंखाच्या कडेला पडलेल्या भोकातून तो तापलेला वायू आत शिरला होता. स्पेसशिपवनला असल्या जाड उष्णतारोधक कवचाची गरज नव्हती. रुटान यांची युक्ती शेपटीत होती. वर पोहोचल्यावर पंखांचा मागचा भाग शेपटीसकट बिजागरीवर वर उचलला जायचा आणि यान बॅडमिंटनच्या फुलासारखं होऊन आपोआप पोट खाली करून, हवेला अडवत उतरायचं. कोणत्याही कोनात परतलं तरी स्वतःच सरळ व्हायचं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात देखणी गोष्ट हीच वाटते.

शेपटीवरून आठवण झाली ती दुसऱ्या एका मेसेजची. राईट बंधूंच्या हजार वर्षं आधी अब्बास इब्न फिरनास उडाले होते, हा तो मेसेज. नवव्या शतकात कुर्तुब्यात हे विद्वान होऊन गेले, चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे, हे खरं. उड्डाणाची हकीकत मात्र आपल्याला मुख्यतः अल-मक्करी या सतराव्या शतकातल्या इतिहासकारामुळे माहीत आहे, म्हणजे सातशे वर्षांनंतर. आणि त्या हकिकतीत काय आहे? इब्न फिरनास हवेत काही अंतर गेले, पण उतरताना आपटले आणि पाठीला इजा झाली, कारण पक्षी उतरताना शेपटी वापरतात हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आपला जुना इतिहासकार उड्डाणाबरोबर उणीवही लिहून ठेवतो. आपण मेसेज पुढे ढकलताना नेमकी शेपटी कापतो. त्या हकिकतीत अभिमान बाळगण्याजोगं काही असेल तर मला ते हेच वाटतं, की चूक नोंदवून ठेवलेली आहे.

मेसेजवाल्यांइतकीच हातचलाखी दुसऱ्या बाजूनंही झाली. २१ जूनला मेलव्हिल उतरले तेव्हा गर्दीतून आलेला एक फलक हातात उंच धरला गेला: स्पेसशिपवन, गव्हर्नमेंट झीरो. सरकारी खात्यांनी दुकान बंद करावं, खासगीवाले स्वस्तात करतील, असा सूर तेव्हापासून लागला तो आजही ऐकू येतो. वस्तुस्थिती अशी की अमेरिकी सरकारच्या एक्स-१५ या रॉकेट विमानानं १९६३ मध्येच जो वॉकर यांना १०८ किलोमीटरवर नेलं होतं. एक्केचाळीस वर्षांनी एका लहान कंपनीनं तेच काम कितीतरी कमी पैशात केलं, हे कौतुकाचंच. पण बत्तीसातलं एक काम करणाऱ्याची तुलना बत्तीस करणाऱ्याशी करून दुसऱ्याला शून्य म्हणणं ही लबाडी आहे. निवडून मुलं घेणाऱ्या शाळेचा निकाल येईल त्या मुलाला घेणाऱ्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेच्या निकालाशेजारी ठेवतात ना, त्याच जातीची.

याचा सर्वात चोख पुरावा अन्सारी बाईंचाच आहे. अनूशे अन्सारी १९६६ मध्ये इराणमधल्या मशहद शहरात जन्मल्या, किशोरवयात अमेरिकेत आल्या, इंजिनिअर झाल्या, नवऱ्याबरोबर दूरसंचाराची कंपनी उभी केली. अंतराळात जाणं हे त्यांचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं, बक्षिसाला नाव आणि हप्ता दिला तो त्या ओढीनंच. आणि त्या स्वतः गेल्या कशातून? १८ सप्टेंबर २००६ रोजी, कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून, रशियन सरकारच्या सोयूझमधून. ज्या जपानी व्यावसायिकाची ती जागा होती तो वैद्यकीय तपासणीत बाद झाला, आणि राखीव म्हणून तयारी करत असलेल्या अनूशे यांची वर्णी लागली. जवळपास अकरा दिवस त्या अंतराळात होत्या. इराणी वंशाची पहिली व्यक्ती म्हणून, आणि पहिली मुस्लीम स्त्री म्हणूनही, त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या बक्षिसातून उभं राहिलेलं यान त्यांना तिथं नेऊच शकत नव्हतं. खासगी पैसा आणि खासगी हौस दोन्ही असलेल्या बाईला राहायचं होतं, नुसतं शिवून यायचं नव्हतं, तेव्हा सरकारी रॉकेटच गाठावं लागलं. मेसेजमध्ये हे का नसतं? ही गोष्ट तर जास्त मोठी आहे.

कुणी म्हणेल, इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्सनं कक्षा गाठलीच की. गाठली. २८ सप्टेंबर २००८ रोजी, चौथ्या प्रयत्नात, फाल्कन-१ नं. २०२० पासून ते माणसंही नेतात, आणि त्यामागे नासाच्या कंत्राटांचा भक्कम पैसा आहे. पण ती वेगळी जात आहे: टप्प्याटप्प्यानं गळून पडणारं, बहुतांश इंधनच असलेलं उंच रॉकेट. स्पेसशिपवन वाढवत वाढवत कुणी तिथं पोहोचलेलं नाही.

वाढवायचा प्रयत्न मात्र झाला आणि त्याचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. रिचर्ड ब्रॅन्सन यांनी २००४ मध्येच जाहीर केलं की व्हर्जिन गॅलॅक्टिक २००७ च्या सुमारास प्रवासी नेऊ लागेल. मोठं यान, स्पेसशिपटू, दोन वैमानिक आणि सहा प्रवासी. वजन वाढलं की इंजिन वाढवावं लागतं, आणि रबराचं इंजिन मोठं केलं की ते समान जळत नाही, थरथरतं. २००७ मध्ये मोहावीत नायट्रस ऑक्साइडच्या चाचणीत स्फोट होऊन तीन कर्मचारी ठार झाले, तेही इंजिन न पेटवता. ‘सुरक्षित’ म्हणून निवडलेला वायू तो हाच. २०१४ मध्ये रबराऐवजी प्लास्टिक वापरून पाहिलं, पुढे परत रबरावर आले.

३१ ऑक्टोबर २०१४ चा अपघात तर त्या देखण्या शेपटीमुळेच झाला. शेपटीचं कुलूप ध्वनीच्या १.४ पट वेगाला उघडायचं होतं. सहवैमानिक मायकेल अल्सबरी यांनी ते ०.८ लाच उघडलं, हवेच्या जोरानं शेपटी आपोआप उचलली गेली आणि यानाचे तुकडे झाले. अल्सबरी गेले, मुख्य वैमानिक पॅराशूटनं वाचले. चौकशी मंडळानं दोष एकट्या मृत माणसावर ढकलला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. एका माणसाच्या एका चुकीनं सगळं यान नष्ट होऊ शकतं आणि त्यावर उपाय हवा, हा विचार बांधणाऱ्या कंपनीनं केला नव्हता, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

प्रवासी यानाची उंची तर कमीच राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये ८२.७ किलोमीटर, पुढच्या फेब्रुवारीत ८९.९, जुलै २०२१ मध्ये ब्रॅन्सन आणि आंध्रात जन्मलेल्या शिरीषा बांदला गेल्या तेव्हा ८६ च्या आसपास. शंभर कधीच नाही. सहा प्रवाशांच्या जागी चारच. इंजिनाला शंभर गाठता आलं नाही तेव्हा बोलण्यात सीमा बदलली: अंतराळ पन्नास मैलांवर, म्हणजे ८० किलोमीटरवर सुरू होतं. हा आकडा काही त्यांनी खिशातून काढलेला नाही. अमेरिकी हवाई दल १९६० च्या दशकापासून तोच मानत आलंय, आणि जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ८० हाच जास्त शास्त्रीय असल्याचं मांडलं. त्यांचं म्हणणं मला पटतं. तरीही विकत घेणाऱ्याला आधी एक सीमा सांगून नंतर दुसरी मोजून देणं याला बाजारात जे म्हणतात तेच म्हणावं लागेल. तिकीट २ लाख डॉलरपासून साडेचार लाखांपर्यंत चढत गेलं, उंची मात्र त्या एकट्या बिनीच्या ११२ च्या जवळही आली नाही. पहिलं व्यावसायिक उड्डाण जून २०२३ मध्ये झालं आणि ते यान जून २०२४ मध्ये निवृत्तही झालं.

हा घोळ आता आपल्याकडेही आलाय, म्हणून फरक माहीत असलेला बरा. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस हे भारतातलं पहिलं खासगी रॉकेट श्रीहरिकोटाहून उडालं. उंची ८९.५ किलोमीटर, माणूस अर्थातच नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये दोन मतं होती. एकाचं म्हणणं, आता इस्रोची गरज काय. दुसऱ्याचं, शंभरही झाले नाहीत, मग कसलं अंतराळ. दोघांनीही वेग विचारला नाही, आणि तळ इस्रोचाच होता हेही दोघांच्या ध्यानात आलं नाही. खुद्द कंपनीनं काही लपवलेलं नव्हतं, ही चाचणी उपकक्षीय आहे असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. विक्रम-एस एकाच टप्प्याचं, सहा मीटर उंचीचं रॉकेट होतं. कक्षेत जाण्यासाठी त्याच कंपनीनं आखलेलं विक्रम-१ अनेक टप्प्यांचं आणि त्याच्या कितीतरी पट उंच आहे.